उत्तरेकडचा शेवटचा ठिपका

"खोकल्याच्या आत बटण दाब गं वैजू, नाहीतर मुसळ केरात," नाबरबाई म्हणाल्या आणि छत्री काखेत मारून धुपाच्या झाडाला पाठ लावून उभ्या राहिल्या.

मी गळ्यात अडकवलेला टेपरेकॉर्डर पोटाशी घट्ट धरला. आमचा वाटाड्या लवू गवस याने टेपला जोडलेला कर्णा खांद्यावर घेऊन दरीकडे वळवला. आधी नुसती खरखर झाली आणि मग तो आवाज निघाला. हू... हू... हू... रिकाम्या रांजणात तोंड घालून कुणी हाक मारावी तसा, खालून वर चढत गेलेला. तिसऱ्या हुंकारावर मी बटण दाबलं. जरा उशीर झाला असता तर मागोमाग खोकला आला असता.

खोकला बाईंचाच होता. फार वर्षांपूर्वी कर्नाटकातल्या रानात सिंहपुच्छ माकडाची हाक त्यांनी टेप केली, तेव्हा त्यांना सणसणीत पडसं झालेलं होतं. टोळीतला मुख्य नर बोलेपर्यंत बाईंनी श्वास कोंडून खोकला दाबला, आणि त्याचा तिसरा हुंकार संपतो न संपतो तोच खोकला सुटला. कोरडा, दोन ठसक्यांचा, आणि शेवटी छातीतून निघालेली बारीक शिट्टी. इतकी स्वच्छ हाक पुन्हा कधी मिळाली नाही, म्हणून तीच कॅसेट वर्षानुवर्षं चालली. बाईंकडे कामाला लागणाऱ्या प्रत्येकाचा पहिला धडा तोच, खोकल्याच्या आत बटण. माझ्याआधी जे आले त्यातल्या काहींची बोटं चपळ होती, काहींची मंद. मी एकदा म्हटलं होतं, "बाई, मुंबईला एखाद्या स्टुडिओत नेऊन तेवढा तुकडा कापून घेऊ या की." तर त्या माझ्यावरच उखडल्या. "पुराव्याला कात्री लावायची नसते. आज खोकला कापशील, उद्या काय कापशील?"

ही सत्त्याण्णव सालच्या मे महिन्यातली गोष्ट. धुपेवाडी हे गाव सावंतवाडीच्या दक्षिणेला, गोव्याच्या हद्दीला खेटून. मी कुडाळच्या तेंडोलकरांची मुलगी, प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झालेली. मी बँकेत चिकटावं ही घरची इच्छा होती आणि मी माकडांच्या मागे लागले होते. आई शेजारणींना सांगायची, "आमची वैजू डॉक्टरीणबाईंकडे असते." कसल्या डॉक्टरीणबाई, ते सांगायची नाही.

बाई मूळच्या वेंगुर्ल्याच्या. साठीला आलेल्या, सुती साडी वर खोचलेली, पायात कॅनव्हासचे बूट, आणि जीभ अशी की वनखात्यातले भलेभले त्यांना येताना पाहून वाट बदलायचे. रानात शिरल्या की मात्र ती जीभ गप्प व्हायची. एका रानफणसाखाली त्यांना सकाळपासून दिवस कलेपर्यंत न हलता बसलेलं मी पाहिलंय, वरून माकडांनी टाकलेल्या बिया अंगावर घेत. मला बाईंचं फार अप्रूप होतं. आजही आहे, आणि सांगायला लाज कसली?

बाईंचं आयुष्यभराचं काम म्हणजे एक नकाशा. ट्रेसिंग पेपरवर सह्याद्रीची रेघ काढलेली आणि तिच्यावर काळ्या शाईचे ठिपके. एक ठिपका म्हणजे सिंहपुच्छ माकडांच्या टोळ्या असलेलं एक रान. काळंकुळकुळीत अंग, तोंडाभोवती पांढुरकी आयाळ, शेपटीच्या टोकाला सिंहासारखा गोंडा. हे जनावर जगात फक्त सह्याद्रीत सापडतं, आणि सह्याद्रीतही दक्षिणेच्या बारमाही हिरव्या रानांतच. जमिनीवर उतरायला ते नाखूश. झाडाला झाड भिडलेलं हवं. मध्ये रस्ता आला, चहाचा मळा आला, की टोळी अलीकडे अडकून पडते आणि तिथल्या तिथे संपत जाते. "लोक नकाशावरचे ठिपके बघतात," बाई मला म्हणायच्या. "तू मधली कोरी जागा बघ. तिथेही कधीतरी होती ती."

ठिपके केरळपासून वर येत येत विरळ होत जायचे आणि होन्नावरच्या वर संपायचे. मग बरीच मोठी कोरी जागा, आणि तिच्यावर एकटा एक ठिपका. धुपेवाडी. हा बाईंचा ठिपका. कुणा जुन्या शिकाऱ्याने या बाजूला अशी माकडं पाहिल्याचं म्हटलं होतं, म्हणून बाई इथे कर्णा घेऊन आल्या. पहिले दोन उन्हाळे दरी मुकी राहिली. तिसऱ्या उन्हाळ्यात टेपला उत्तर आलं, आणि मग जवळजवळ दर वर्षी येत गेलं. माकड काही दिसलं नाही. दरी उभी, झाडं उंच, वर नजर पोचायची नाही. दक्षिणेतल्या पंडितांनी नाकं मुरडली, पण हाक ती हाक. ठिपका पुस्तकांत गेला, शाळेच्या भिंतीवरच्या तक्त्यांत गेला, आणि नाबरबाईंचं नाव त्याच्याबरोबर गेलं.

आणि आता तो ठिपका निव्वळ नावापुरता राहिला नव्हता. धुपेवाडीच्या डोंगराच्या पोटात लोखंडाचं खनिज होतं. खाणवाल्यांचे कागद सगळीकडून पास झाले होते, फक्त एका ठिकाणी अडले होते. नामशेष होत चाललेल्या माकडाचं उत्तरेकडचं शेवटचं रान तुम्ही खणताय, असा कुणीतरी आक्षेप घेतला होता. दिल्लीने समिती नेमली होती. समिती उद्या येऊन स्वतःच्या कानांनी ऐकणार होती. डोंगर त्या ठिपक्यावर तरला होता आणि त्या डोंगरातून येणाऱ्या व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, पाण्यावर लवूचं गाव.

टेप थांबल्यावर आम्ही दरीकडे कान लावून उभे होतो. उत्तर आलं.

हू... हू... हू...

लवूने माझा दंड इतका जोरात धरला की चार दिवस निळा होता. मी ओरडणारच होते. बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. "पुन्हा लाव."

मी लावली. उत्तर आणखी जवळून आलं, थेट समोरच्या रानजायफळाच्या शेंड्यातून. आम्ही तिघंही माना मोडेपर्यंत वर बघत होतो. इतक्या वर्षांत माकड इतकं जवळ कधी आलं नव्हतं. पानं हलली. पुन्हा तीन हुंकार. आणि त्यांच्या मागोमाग, स्वच्छ, खणखणीत, खोकला. कोरडा, दोन ठसक्यांचा, शेवटी बारीक शिट्टी.

मी आधी माझ्या बोटाकडे पाहिलं. बटण दाबलेलं होतं. टेप बंद होती.

"बाईंनू," लवू खो खो हसत सुटला, "ह्यो तर तुमचोच खोकलो मगे!"

मलाही हसू फुटलं. मग आम्ही बाईंकडे पाहिलं आणि दोघांचंही हसू जागच्या जागी थिजलं.

शेंड्यातून एक काळं पाखरू सरकन खाली आलं आणि वाळक्या फांदीवर बसलं. डोक्यावर तुरा, शेपटीतून निघालेल्या दोन लांब तारा आणि तारांच्या टोकाला पिसाची एकेक पळी. भृंगराज. कोतवालाच्या जातीतला अट्टल नकल्या. रानातला कुठलाही आवाज उचलावा तर याने. त्याने आधी शिक्र्याची किंकाळी काढून दाखवली, मग पोपटाची, मग लवूच्या परड्यातल्या कोंबडीची. आणि मग मान खाली घालून तो पुन्हा एकदा बाईंसारखा खोकला.

बाई दगडावर बसल्या. छत्री हातातून निसटून उतारावर घरंगळत गेली, तिकडे त्यांनी बघितलंही नाही.

"पुन्हा लावू, बाई?" मी विचारलं.

"नको. त्याला आणखी शिकवू नकोस."

आम्ही डोंगर उतरलो. लवूच्या घरापुढच्या खळ्यात आम्ही टेकलो. त्याच्या बायकोने, शेवंताने, कोकमाचं सरबत आणून दिलं आणि आमची तोंडं बघून ती काही न विचारता आत गेली. मला राहवेना.

"बाई, एक सांगू? भृंगराज ऐकल्याशिवाय शिकत नाही. त्याने ही हाक कुठेतरी ऐकली, म्हणजे माकडं इथे आहेतच. उलट हा पुरावाच झाला."

"ऐकली गं त्याने," बाई म्हणाल्या. "कुणाकडून ऐकली, तेही त्यानेच सांगितलं. माकड खोकत नाही, वैजू. मी खोकते."

"पण आधीची उत्तरं?"

"पहिली दोन वर्षं काही नव्हतं. मग यायला लागलं. मी म्हटलं, माकडं धीट झाली." त्या हसल्या, पण ते हसू काही बघवत नव्हतं. "दर उन्हाळ्यात येऊन मी शिकवणी घेतली. बापाने पोराला शिकवलं असेल, पोराने नातवाला. सगळं घराणं तयार केलं मी."

लवू खांबाला टेकून उकिडवा बसला होता. तो बाईंपेक्षा वयाने पुष्कळ लहान, पण रानात त्याने त्यांना बहिणीसारखं सांभाळलं होतं. "ह्या कोणाक कळतला, बाईंनू?" तो हळूच म्हणाला. "सायबाच्या कानाक माकड काय नि पाखरू काय. झाकली मूठ सव्वा लाखाची."

मी लवूच्या बाजूची होते. आजही तो क्षण आठवला की मी त्याच्याच बाजूला जाऊन बसते. मी म्हटलं, "आपण बोलायचंच नाही काही. टेप लावायची, उत्तर येईल, ते ऐकतील. आपण खोटं बोललोच नाही."

"खोटं पाखरू बोलेल," बाई म्हणाल्या, "आणि सही मी करीन."

"मगे माकडां नसली म्हणून डोंगर खोटो झालो?" लवूचा आवाज चढला. "व्हाळ खोटो झालो? ही रानजायफळां, ह्यो गरूडपक्षी, आमची देवाची राय, ह्यां काय नाय?"

"ते सगळं मी सांगणार आहे उद्या. जीव तोडून सांगणार आहे."

"ता कोण आयकता?"

उत्तर आम्हा तिघांनाही माहीत होतं. व्हाळाला, रायीला दिल्लीत किंमत नव्हती. किंमत होती ती माकडाला.

लवू उठला. त्याचे डोळे भरले होते आणि ते त्याने लपवले नाहीत. "तुमचो जाता तो ठिपको, बाईंनू. आमचो जाता तो डोंगर."

"खरं आहे," बाई म्हणाल्या. त्यांनी ग्लास खाली ठेवला. "मी नकाशा काढते, लवू. मला दुसरं काही येत नाही."

दुसऱ्या दिवशी समिती आली. अध्यक्ष हिरेमठ म्हणून निवृत्त अधिकारी होते, धारवाडकडचे, बेळगावी वळणाचं मराठी बोलणारे. अंगाने जाडजूड, चढताना धापा टाकत होते, पण डोलीत बसायला त्यांनी साफ नकार दिला. बरोबर दोघे सदस्य, एक टिपणं घेणारा कारकून आणि खाणवाल्यांचा वकील. वकिलाच्या चकचकीत बुटांना दलदलीतला चिखल लागला होता आणि त्याचं सगळं लक्ष तिकडेच होतं. मागून निम्मं गाव. लवू आला तो कर्णा खांद्यावर घेऊनच, पण बाईंशी बोलला नाही. मला वाटलं, कदाचित रात्रीत बाईंचा विचार बदलला असेल. लवूलाही तसंच वाटत असणार. तो त्यांच्या तोंडाकडे बघत होता.

"वाजवा बगू तुमचं यंत्र," हिरेमठ दगडावर बसत म्हणाले.

बाईंनी मला मान डोलावून खूण केली. मी टेप लावली. तीन हुंकार, आणि बटण वेळेत. रान गप्प झालं. मी देवाला म्हटलं, उत्तर नको येऊ दे. उत्तर आलं नाही तर सगळ्यांचीच सुटका होती.

उत्तर आलं. दरी भरून टाकणारं, गोल, गंभीर. हू... हू... हू... त्या दिवशी पाखरानेही खोकल्याच्या आत बटण दाबलं.

हिरेमठसाहेबांचा चेहरा लहान मुलासारखा फुलला. "ऐकलं! काय आवाज हो हा! एवढी वर्षं नोकरी केली, जन्मात पहिल्यांदा ऐकलं बगा." ते कारकुनाकडे वळले. "लिवा. अध्यक्षांनी स्वतः ऐकलं. प्रश्नच मिटला की हो." वकिलाने बुटांवरची नजर वर काढली आणि त्याचं तोंड पडलं. गावकऱ्यांत कुजबुज उठली, कुणीतरी टाळी वाजवली. लवूने डोळे मिटून घेतले.

कारकुनाचं लिहून होईपर्यंत बाई थांबल्या. मग म्हणाल्या, "साहेब, ते माकड नाही."

टाळी वाजवणारे हात तसेच राहिले.

"म्हंजे?"

"त्या वाळक्या फांदीवर बघा. काळं पाखरू आहे. भृंगराज." त्यांनी आपली दुर्बीण गळ्यातून काढून त्यांच्या हातात दिली. "आमची टेप ऐकून ते शिकलं. गेली कित्येक वर्षं मी माझ्याच टेपचं उत्तर ऐकते आहे. या रानात सिंहपुच्छ माकड असल्याचा कुठलाही पुरावा माझ्याकडे नाही. नकाशात जे आहे ते चूक आहे आणि ती चूक माझी आहे."

हिरेमठांनी दुर्बीण डोळ्यांना लावली. भृंगराजाने त्यांच्यासमोरच हाक दिली, गळ्याची पिसं फुगवून. त्यांनी बराच वेळ पाहिलं. दुर्बीण खाली घेतली तेव्हा आवाजातला आनंद गेला होता.

"बाई, मी विचारलं नव्हतं तुमाला."

"माहीत आहे."

"मी लिहून घेतलं होतं."

"म्हणून तर सांगितलं."

हिरेमठांनी कारकुनाला हाताने खूण केली. त्याने लिहिलेल्यावर रेघ मारली.

मग बाई बोलल्या. रानजायफळांची दलदल, व्हाळ, धनेश, रायीतली झाडं. मी त्यांना इतकं सुंदर बोलताना कधी ऐकलं नव्हतं. समितीने सगळं सभ्यपणे ऐकून घेतलं. एक सदस्य मधूनच घड्याळ बघत होता. वकील आता ताठ उभा होता आणि त्याला चिखलाचं काही वाटत नव्हतं.

लवूने कर्णा खांद्यावरून उतरवला, बाईंच्या पायांपाशी ठेवला आणि तो चालू पडला. बाईंनी हाक मारली नाही. आम्ही दोघींनीच तो कर्णा ओझ्यासारखा एसटीच्या थांब्यापर्यंत वाहून आणला. थांब्याजवळ चहाची टपरी होती. तिथल्या बाकावर बाईंनी नकाशाचं नळकांडं उघडलं, नकाशा पसरला, पर्समधून ब्लेड काढलं आणि ट्रेसिंग पेपरवरचा धुपेवाडीचा ठिपका खरवडायला घेतला. शाई जुनी होती, निघायला वेळ लागला. खाली कागदाला खरबरीत पांढरा डाग राहिला. त्यांनी फुंकर मारून चुरा उडवला. उत्तरेची हद्द होन्नावरपर्यंत खाली गेली. "गाडी आली का बघ," त्या म्हणाल्या.

हात दाखवून अवलक्षण, असं सगळे म्हणाले. त्या वर्षीच्या परिषदेत बाईंनी उभं राहून खोकल्याची गोष्ट सांगितली तेव्हा मागच्या रांगेत एक जण मोठ्याने हसला. बाईही त्याच्याबरोबर हसल्या. मी हसू शकले नाही.

धुपेवाडीला खाण आली. डोंगराची उगवतीची बाजू कापली गेली आणि व्हाळ तांबडा झाला. दर मे महिन्यात बाई तिथे जात राहिल्या. माकडं नव्हती, टेप नव्हती, काहीच काम नव्हतं. त्या पुढून खळ्यात आल्या की लवू मागच्या दाराने परड्यात जायचा. शेवंता मुकाट्याने चहा ठेवायची, बाई मुकाट्याने प्यायच्या, आणि आम्ही परत फिरायचो. एकदा मी चिडून विचारलं, "कशाला जायचं आपण?"

"चूक माझी होती ना? मग तोंड दाखवायला नको?"

काही वर्षं गेली. होन्नावरच्या वरच्या एका खोऱ्यातून विजेच्या उच्च दाबाच्या तारा न्यायचं ठरलं. तारांखाली रान रुंद पट्ट्याने साफ करायचं होतं. नकाशावरचा सगळ्यात उत्तरेचा खरा ठिपका त्या पट्ट्याने मधोमध चिरला असता. झाडावरून झाडावर जाणाऱ्या टोळ्या दोन बाजूंना कायमच्या तुटल्या असत्या. आम्ही पावसाळाभर तिथे होतो. जळवांनी पाय फोडून काढले, कॅमेऱ्यात पाणी गेलं, एकही फोटो आला नाही. माकडं मात्र पाहिली, डोळे भरून.

तारांवरच्या सुनावणीत कानडी, मराठी, इंग्रजी असं सगळंच चालत होतं. समोरच्यांनी आपला तज्ज्ञ आणला होता. त्या पट्ट्यात एकही माकड नाही असा त्याचा जाडजूड अहवाल टेबलावर पडला होता. अध्यक्षांच्या खुर्चीत हिरेमठ होते, आता काठी घेतलेले, केस पार पिकलेले. त्यांनी आमच्याकडे ओळख दाखवली नाही. आमच्या ठिपक्याची फजिती याच माणसाने पाहिली होती.

"फोटो नाही, काही नाही," समोरचा वकील म्हणाला. "नुसतं यांच्या सांगण्यावर एवढी लाइन फिरवायची? साहेब, यांचा नकाशा पूर्वी एकदा चुकलाय. सगळ्यांना माहीत आहे ते."

"मला जास्त माहीत आहे," हिरेमठ म्हणाले. त्यांनी चष्मा काढला आणि पहिल्यांदाच आमच्याकडे पाहिलं. "बाई, तिथं माकडं हायत?"

"आहेत. दोन टोळ्या आहेत. एका मादीच्या पोटाशी पिल्लू आहे."

"तुमी बगितलं?"

"मी पाहिलं. हिनेही पाहिलं."

"झालं तर," ते म्हणाले आणि समोरची फाइल मिटली.

वकील उभाच राहिला. "साहेब, पुरावा?"

"वकीलसाहेब," हिरेमठ शांतपणे म्हणाले, "या बाईंना मी एकदा माकड फुकट दिलं होतं. लिहूनसुद्धा घेतलं होतं. त्यांचं नाव, त्यांचा डोंगर, सगळं त्यावर होतं. त्यांनी ते माझ्या हातात परत ठेवलं. त्या आज आहे म्हणताहेत. मला फोटो नको."

तेव्हा मला कळलं की त्या चहाच्या टपरीत बाईंनी काय खरवडलं होतं आणि काय राखलं होतं. लाइन फिरली.

बाहेर पायरीवर बसून बाई पाणी प्यायल्या. मी त्यांना मिठी मारली, त्यांनी ती कशीबशी सोसली, आणि म्हणाल्या, "लवूला कळव."

"तो येईल का फोनवर?"

"नाही आला तर शेवंताला सांग. पण कळव."

धुपेवाडीच्या दुकानात मी फोन लावला. दुकानदाराने माणूस पाठवला. मी शेवंताची वाट बघत होते आणि आवाज आला तो लवूचा. मी सगळं सांगितलं, हिरेमठांचे शब्दसुद्धा.

"खोरां वाचलां?" त्याने विचारलं.

"वाचलं, लवूदादा."

"आणि माकडां आसत? खरीच?"

"आहेत. मी माझ्या डोळ्यांनी पाहिली."

"बाईंका दी."

बाईंनी फोन घेतला. दरीपलीकडे हाका मारायची सवय असलेला माणूस तो, त्याचं बोलणं मला बाजूला उभं राहूनही स्पष्ट ऐकू आलं.

"बाईंनू, इतकी वरसां तुमचो कर्णो खांद्यार घेऊन फिरलंय. माका काय ता माकड दिसूक नाय. एकदा तरी दाखवशात?"

बाईंनी फोन माझ्या हातात कोंबला आणि तोंड फिरवून पदर डोळ्यांना लावला. मग लवूला गाडी कुठली धरायची, उतरायचं कुठे आणि आम्ही कुठे उभ्या असू, ते सगळं मीच सांगितलं.